अलाबामाचं नवं आक्रमण, हंगाम २०२४ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाबद्दलचं हे पान ऑगस्ट २०२४ मधलं आहे, त्यामुळे ‘आता’, ‘या वर्षी’ म्हणजे तेव्हाचं. पहिला सामना ३१ ऑगस्टला, वेस्टर्न केंटकीविरुद्ध, टस्कलूसाच्या घरच्या मैदानावर. चार डाउन म्हणजे प्रयत्न, त्यांत दहा यार्ड पुढे जायचं, आणि क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल चालवणारा, पास फेकणारा खेळाडू, एवढं माहीत असलं की पुढचं सगळं समजेल. बचावफळीबद्दल इथे काही नाही, सगळी चर्चा आक्रमणाची आहे.

नेमकं काय काय बदललं?

जवळपास सगळंच. १० जानेवारी २०२४ ला निक सेबन निवृत्त झाले. १७ हंगाम आणि अलाबामाला ६ राष्ट्रीय विजेतेपदं. दोनच दिवसांनी वॉशिंग्टन विद्यापीठाचे केलन डीबोअर यांची नेमणूक झाली. तेच डीबोअर ८ जानेवारीला ह्यूस्टनमध्ये राष्ट्रीय अंतिम सामना मिशिगनविरुद्ध १३-३४ असा हरले होते. त्याच मिशिगनने १ जानेवारीला रोझ बोलमध्ये अलाबामाला जादा वेळेत २७-२० असं हरवलं होतं.

गेल्या वर्षीचे आक्रमण समन्वयक (आक्रमणाच्या चाली ठरवणारे प्रशिक्षक) टॉमी रीस एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या क्लीव्हलँड ब्राउन्सकडे गेले. २०२४ साठी समन्वयक आणि क्वार्टरबॅकचे प्रशिक्षक निक शेरिडन आहेत. रिसीव्हर (पास झेलणारे) आणि सहसमन्वयकपद जमार्कस शेपर्ड यांच्याकडे, लाइन (क्वार्टरबॅकपुढची पाच जणांची फळी) ख्रिस कपिलोविच यांच्याकडे आणि टाइट एंड (अडवणारे आणि झेलणारेही) ब्रायन एलिस यांच्याकडे. जुन्यांपैकी फक्त रनिंग बॅकचे (चेंडू घेऊन धावणाऱ्यांचे) रॉबर्ट गिलेस्पी राहिले आहेत.

डीबोअर यांचा आजवरचा हिशेब काय सांगतो?

मुख्य प्रशिक्षक म्हणून १०४ विजय, १२ पराभव. त्यातले ६७ विजय आणि ३ पराभव सू फॉल्स या छोट्या विद्यापीठातले आहेत, त्यामुळे सगळ्या आकड्याला सारखं वजन देऊ नये. पण मोठ्या मैदानावरचा हिशेबही भक्कम आहे. फ्रेस्नो स्टेट २०१६ मध्ये १ जिंकून ११ हरला होता. २०१७ मध्ये डीबोअर तिथे आक्रमण समन्वयक झाले आणि संघाने १० सामने जिंकले. वॉशिंग्टन २०२१ मध्ये ४-८ होता, डीबोअर यांच्या पहिल्याच वर्षी ११-२ आणि दुसऱ्या वर्षी १४-१.

म्हणजे पहिल्या वर्षी घडी बसवणं त्यांना जमतं, हे एकदा नव्हे तर अनेकदा दिसलं आहे. फरक इतकाच, की पूर्वी ते कोसळलेल्या संघात जायचे आणि तिथे गमावण्यासारखं काही नसायचं. अलाबामाने गेल्या डिसेंबरमध्ये जॉर्जियाची सलग २९ विजयांची मालिका मोडून एसईसी या आपल्या विभागीय स्पर्धेचं विजेतेपद घेतलं आहे.

ग्रब थांबले नाहीत, याची काळजी करावी का?

करावी, पण लोक करतात त्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी. रायन ग्रब हे डीबोअर यांच्या आक्रमणाचे जुने भागीदार. अलाबामात येऊन काही आठवड्यांतच ते सिएटल सीहॉक्सकडे गेले आणि लाइनचे प्रशिक्षक स्कॉट हफही त्यांच्यासोबत गेले.

चाली कोण पुकारणार, याची चर्चा खूप झाली. त्यासाठी शेरिडन आहेत. ते दोन वर्षं वॉशिंग्टनच्या त्याच खोलीत बसत होते, त्याआधी इंडियानात समन्वयक होते, त्यांना भाषा येते. आणि ही भाषा मुळात डीबोअर यांचीच आहे. खरी पोकळी हफ यांची आहे. २०२३ मध्ये देशातल्या सर्वोत्तम लाइनला मिळणारा ‘जो मूर’ पुरस्कार वॉशिंग्टनच्या ज्या लाइनला मिळाला, ती त्यांनीच घडवली होती. पासिंगचा आराखडा वॉशिंग्टनहून टस्कलूसाला आला, पण तो आराखडा ज्याच्या भरवशावर उभा होता तो माणूस थांबला नाही. कपिलोविच मिशिगन स्टेटमध्ये चार हंगाम काढलेले अनुभवी शिक्षक आहेत, पण पाच जणांनी एकमेकांच्या हालचाली ओळखायला वेळ लागतो, तो कोणीही शिकवलं तरी लागतोच.

हे आक्रमण चालतं कसं?

तीन गोष्टी डोळ्यांत भरतील.

पहिली, स्नॅपच्या, म्हणजे लाइनच्या मधोमध असलेल्या सेंटरने चेंडू मागे देण्याच्या, आधीची हालचाल. रिसीव्हर किंवा टाइट एंड एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो. समोरचा एक बचावपटू त्याच्यामागे पूर्ण मैदान ओलांडून धावला, तर बहुधा माणसागणिक राखण आहे. सगळे एकेक पाऊल सरकून जागा बदलतात, तर ती क्षेत्रागणिक राखण. क्वार्टरबॅकला हे उत्तर चेंडू हातात येण्यापूर्वीच मिळतं. अलाबामाचे खेळाडू सतत जागा बदलताना दिसले, तर त्यात दिखावा नसतो, ती विचारपूस असते.

दुसरी, धाव आणि पास एकाच चालीत. यालाच आरपीओ (रन-पास ऑप्शन) म्हणतात. लाइन धावेसाठी ब्लॉक करते, म्हणजे समोरच्यांना अडवते. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी नेतो आणि त्याच क्षणी एका ठरावीक लाइनबॅकरकडे (पुढच्या फळीमागच्या बचावपटूकडे) पाहतो. तो धाव रोखायला पुढे आला, की चेंडू काढून घ्यायचा आणि त्याच्या पाठीमागे रिकाम्या झालेल्या जागेत फेकायचा. तो जागेवरच थांबला, तर चेंडू बॅकला देऊन टाकायचा. कबड्डी पाहणाऱ्याला हे लगेच कळेल. चढाईपटू सात जणांकडे पाहत नाही, कोपरारक्षकाच्या पुढच्या पायाकडे पाहतो. तो पाय हलला की त्याचा निर्णय झालेला असतो.

इथे एक अडचण आहे. कॉलेजच्या नियमाप्रमाणे पास फेकला जाईपर्यंत लाइनमन स्क्रिमेज रेषेपुढे (चाल सुरू होते त्या रेषेपुढे) तीन यार्डांपलीकडे जाऊ शकत नाही. लाइन तर धावेसाठी पुढे ढकलत असते. क्वार्टरबॅकने अर्धा सेकंद जास्त विचार केला, की गार्ड (सेंटरशेजारचा लाइनमन) चौथ्या यार्डात पोचतो आणि पाच यार्डांचा दंड होतो. पहिल्या दोन सामन्यांत असे दंड वारंवार दिसले, तर दोष गार्डला देऊ नका. चेंडू उशिरा सुटतो आहे, एवढंच समजा.

तिसरी, मध्यम आणि लांब पल्ल्याचा पास. डीबोअर दर सामन्यात ठरवून लांब चेंडू टाकतात, मग तो लागो न लागो, कारण त्याने मागचे बचावपटू मागेच राहतात आणि १२ ते १८ यार्डांचा पट्टा मोकळा होतो. वॉशिंग्टनमध्ये मायकल पेनिक्स याने २०२३ मध्ये ४,९०३ यार्ड फेकले. रोम ओडुन्झे याचे एकट्याचे १,६४० यार्ड होते. त्यातला मोठा वाटा याच पट्ट्यातून आला.

मैदानाची एक गोष्टही लक्षात घ्या. चाल ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या मध्ये सुरू होते त्या मधल्या दोन हॅश खुणांमध्ये कॉलेजमध्ये ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये ते साडेअठरा फूट असतं. त्यामुळे कॉलेजमध्ये चेंडू एका हॅशवर असला की दुसरी बाजू चांगलीच रुंद होते. बहुतेक आरपीओ या रुंद बाजूला असतात, कारण तिथे बचावाला माणसं पुरत नाहीत.

जेलन मिलरो या पद्धतीत बसेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याची मांडणीच थोडी चुकते असं आम्हाला वाटतं. पेनिक्स होता तसा मिलरो होणार नाही, आणि व्हावं असा हट्टही नको. पेनिक्स पॉकेटमध्ये (लाइनच्या आडोशाला) उभा राहून वेळेवर चेंडू सोडणारा होता. डीबोअर यांच्या हाताखाली मिलरोसारखा धावणारा क्वार्टरबॅक आजवर आलेला नाही. त्यामुळे अर्धं जुळवून घेणं प्रशिक्षकांनी करायचं आहे.

२०२३ चे आकडे असे. २८४ पासपैकी १८७ पूर्ण, २,८३४ यार्ड, २३ टचडाउन (गोल रेषेपार नेलेले चेंडू), ६ इंटरसेप्शन (बचावाने झेललेले पास). दर पासमागे जवळपास १० यार्ड, म्हणजे लांब चेंडू टाकण्यात तो देशातल्या वरच्या ओळीत आहे. धावत ५३१ यार्ड आणि १२ टचडाउन. हा ५३१ आकडा वाचताना सावध राहा. कॉलेजच्या हिशेबात सॅकमध्ये (पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं जातं तेव्हा) गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावेतून वजा होतात, आणि मिलरो ४० हून अधिक वेळा सॅक झाला होता. प्रत्यक्ष पायाने मिळवलेले यार्ड त्याहून बरेच जास्त आहेत.

त्याचं कच्चं अंग कोणतं? लांब फेक नव्हे. मैदानाच्या मध्यभागी, १० ते १५ यार्डांवर, रिसीव्हर वळण्याआधीच सोडायचा चेंडू. गेल्या वर्षी तो रिसीव्हर मोकळा झालेला दिसल्यावर फेकायचा. या आक्रमणात तो मोकळा होणार हे गृहीत धरून फेकावं लागतं. यातला फरक अर्ध्या सेकंदाचा आहे, आणि तेवढ्या वेळात सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) चार-पाच यार्ड कापतो.

वसंतातली १५ सराव सत्रं आणि ऑगस्टचं शिबिर एवढ्यात ही सवय पूर्ण बदलणार नाही. तोवर प्रशिक्षकांनी काय करावं? पहिलं वाचन सोपं ठेवावं, म्हणजे अर्ध्या मैदानातले दोनच रिसीव्हर पाहायचे, नाही मिळाला कोणी तर धावायचं. दुसरं, ठरवून केलेल्या धावा. क्वार्टरबॅक चेंडू बॅकला देतो तेव्हा तो स्वतः ब्लॉक करत नाही, म्हणजे आक्रमणाची प्रत्यक्षात १० माणसं ११ जणांशी लढतात. तोच धावला की हिशेब बरोबरीचा होतो. गोल रेषेजवळ, शेवटच्या दहा यार्डांत, याची किंमत सोन्यासारखी आहे. आमच्या मते साध्या सामन्यात आठ-दहा ठरवलेल्या धावा पुरेत. मोठ्या सामन्यात बारा-चौदा. त्यापुढे गेलं की हंगाम संपेपर्यंत तो शाबूत राहील याची खात्री नाही.

गेल्या वर्षी ४९ सॅक झाले. दोष लाइनचा होता का?

काही प्रमाणात. एका रोझ बोलमध्येच सहा होते. पण सॅक चार कारणांनी होतो, आणि टीव्हीवर चारही सारखेच दिसतात.

एक, लाइनमन समोरासमोरची लढत हरतो. दोन, रनिंग बॅक ब्लिट्झ करणाऱ्याला, म्हणजे क्वार्टरबॅकवर धाडलेल्या जादा बचावपटूला, अडवायचं चुकतो. तीन, ब्लिट्झ आला तेव्हा रिसीव्हरने मार्ग आखूड करायचा असतो, तो करत नाही किंवा क्वार्टरबॅकला ते कळत नाही. चार, क्वार्टरबॅक मागे मागे सरकत जातो.

चौथं कारण समजून घ्या, कारण मिलरोच्या बाबतीत ते वारंवार घडलं. टॅकल (लाइनच्या टोकाचा खेळाडू) असं गृहीत धरतो की क्वार्टरबॅक स्क्रिमेज रेषेमागे साधारण सात यार्डांवर आहे. बाहेरून येणाऱ्याला तो त्या जागेच्या मागून वळसा घालायला लावतो. क्वार्टरबॅक सातऐवजी दहा यार्डांवर गेला, की तोच वळसा थेट त्याच्या अंगावर येतो. टॅकलने काम चोख केलेलं असतं आणि तरी सॅक त्याच्या नावावर लागतो. उपाय मागे न जाता पुढे चढण्याचा, म्हणजे दोन्ही टॅकलच्या मधल्या जागेत एक-दोन पावलं टाकण्याचा आहे. शेरिडन यांच्या सरावाचं फळ पाहायचं असेल तर चेंडूच्या आधी मिलरोचे पाय पाहा.

लाइन या वर्षी कशी दिसते?

डावीकडे केडिन प्रॉक्टर, ३६० पाउंडांच्या आसपासचा अवाढव्य टॅकल. सेबन गेल्यावर तो आयोवाला गेला आणि काही आठवड्यांत परत आला. परत आला ते उत्तमच, पण वसंतातला सराव त्याचा इथे झाला नाही, म्हणजे नव्या पद्धतीचे सगळे धडे ऑगस्टमध्ये. त्याच्या शेजारी डाव्या गार्डवर टायलर बुकर, आमच्या मते या आक्रमणातला सगळ्यात भरवशाचा माणूस. उजव्या गार्डवर जेडेन रॉबर्ट्स. उजव्या टॅकलवर गेल्या वर्षी जेसी लेथम होता, जो एनएफएल ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सातव्या क्रमांकावर गेला. त्या जागेसाठी एलायजा प्रिचेट आणि विल्किन फॉर्म्बी यांच्यात चुरस आहे. सगळ्यात मोठं प्रश्नचिन्ह तिथेच आहे, कारण नवखा टॅकल असला की टाइट एंडला मदतीला ठेवावं लागतं, आणि मग मार्गावर जाणारा एक माणूस कमी होतो.

सेंटर पार्कर ब्रेल्सफर्ड वॉशिंग्टनहून आला आहे. जो मूर पुरस्कार मिळवणाऱ्या लाइनमधला, चालींची नावं, हाका, इशारे सगळं तोंडपाठ असलेला. वजनाने सेंटरच्या मानाने हलका. एसईसीतल्या जड नोज टॅकलसमोर (सेंटरच्या थेट समोरच्या बचावपटूसमोर) तो मागे ढकलला जाईल का, ही शंका रास्त आहे. पण सेंटरचं पहिलं काम चेंडू नीट देणं आहे, आणि अलाबामाला त्याचीच गरज होती.

स्नॅपबद्दल एवढी चर्चा का होते?

रोझ बोलची शेवटची चाल आठवा. चौथा डाउन, गोल रेषा तीन यार्डांवर, जादा वेळ. स्नॅप खाली आला. मिलरोने वाकून उचलला आणि सरळ गर्दीत शिरला. सामना तिथे संपला.

शॉटगनमध्ये क्वार्टरबॅक साधारण पाच यार्ड मागे उभा असतो. चेंडू कमरेपासून छातीपर्यंत, जमल्यास उजव्या हाताच्या बाजूला यावा लागतो. तसा आला तर क्वार्टरबॅकचे डोळे बचावावरच राहतात आणि चेंडू नजरेच्या कडेला दिसतो. गुडघ्याखाली आला की डोळे जमिनीकडे जातात. पुन्हा वर पाहीपर्यंत पाव सेकंद गेला, आणि ज्या लाइनबॅकरचं पहिलं पाऊल वाचायचं होतं ते पाऊल पडून गेलेलं असतं. आरपीओवर चालणाऱ्या आक्रमणात असा स्नॅप झाला की, चेंडू हातातून निसटला नाही तरी, अर्धी चाल तिथेच वाया जाते.

बाहेरच्या मैदानावर गोंगाटात मूक मोजणी वापरतात. गार्ड मागे वळून क्वार्टरबॅककडे पाहतो, क्वार्टरबॅक इशारा करतो, गार्ड सेंटरला हात लावतो, सेंटर मनात ठरावीक आकडा मोजून चेंडू सोडतो. दर वेळी तोच आकडा राहिला तर समोरचे तो ओळखून आधीच सुटतात. टेनेसीच्या नेलंड स्टेडियममध्ये आणि एलएसयूच्या मैदानावर, लाखभर लोकांपुढे, हा आकडा बदलत राहणं ब्रेल्सफर्डच्या हातात असेल.

रिसीव्हर कोण उरले?

गेल्या वर्षीचे पहिले दोघे गेले. जर्मेन बर्टन (७९८ यार्ड) एनएफएलमध्ये, आयझाया बाँड (६६८ यार्ड) टेक्सासला. ऑबर्नविरुद्ध चौथ्या डाउनला ३१ यार्डांवरून टचडाउन झेलणारा तो हाच बाँड. जेलन हेल वसंत सरावात जखमी झाला.

जर्मी बर्नार्ड वॉशिंग्टनहून आला आहे. त्याला मार्ग माहीत आहेत, आणि तिसऱ्या डाउनला मिलरो सुरुवातीला त्यालाच शोधेल असा आमचा अंदाज आहे. कोबी प्रेंटिस आणि केंड्रिक लॉ जुने. आणि रायन विल्यम्स.

विल्यम्स मोबिलजवळच्या सारालँडचा, वय १७. मुळात पुढच्या वर्षी यायचा होता, शाळा लवकर आटोपून आला. राज्याचा मिस्टर फुटबॉल किताब दोनदा मिळवणारा तो पहिलाच. वेग आणि चेंडूखाली शरीर वळवण्याची हातोटी दोन्ही आहेत. पण सतरा वर्षांच्या मुलाला एसईसीतले कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर राखण करणारे) रेषेवरच धक्का देऊन अडवतील, तेव्हा काय होतं ते पाहायचं. म्हणून त्याला बरेचदा हालचालीत किंवा रेषेच्या एक पाऊल मागे उभं केलेलं दिसेल. धक्का द्यायला समोर माणूसच मिळत नाही.

धावेचं काय?

जेस मॅकक्लेलन (८९० यार्ड) एनएफएलमध्ये, रॉयडेल विल्यम्स फ्लोरिडा स्टेटला. जॅम मिलर आणि जस्टिस हेन्स यांच्यात चेंडू वाटला जाईल. डीबोअर म्हणजे निव्वळ पास, हा गैरसमज आहे. २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या डिलन जॉन्सनने १,१९५ यार्ड धाव घेतली होती. दोघांपैकी पास अडवताना जो ब्लिट्झर नीट ओळखेल, तो तिसऱ्या डाउनला मैदानात राहील, मग धावेत दुसरा कितीही सरस असो.

टाइट एंड?

सीजे डिप्री आणि रॉबी आउट्स जुने, जॉश क्वेव्हस वॉशिंग्टनचा. उजव्या टॅकलची जागा डळमळली तर यांचा वापर वाढेल.

हेल्मेटमधला रेडिओ या वर्षी आला आहे. त्याने फरक पडेल?

पडेल, आणि नव्या पद्धतीला जास्त. २०२४ पासून मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोचू शकतो. त्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो. प्ले क्लॉकवर (पुढची चाल सुरू करायच्या उलट्या मोजणीवर) १५ सेकंद उरले की किंवा स्नॅप झाला की आवाज बंद होतो.

याचा अर्थ असा, की चाल लवकर पाठवली आणि संघ २० सेकंद असतानाच रेषेवर आला, तर शेरिडन आणखी पाच सेकंद मिलरोशी बोलू शकतात. ‘सेफ्टी खाली येतोय, डावीकडे बघ.’ नवी भाषा शिकणाऱ्या क्वार्टरबॅकला हा मोठा आधार आहे. उशिरा पाठवली तर आवाज बंद आणि मिलरो एकटा. त्यामुळे प्ले क्लॉक किती असताना संघ रेषेवर येतो, हे पाहत राहा. बाजूला टॅबलेट वापरायलाही आता परवानगी आहे, म्हणजे आधीच्या फेरीतल्या चाली लगेच पाहता येतात.

वसंतातला ए-डे सामना आणि शिबिरातल्या बातम्या किती मनावर घ्यायच्या?

थोड्याच. १३ एप्रिलच्या ए-डे, म्हणजे संघातल्याच खेळाडूंच्या आपसातल्या, सामन्यात क्वार्टरबॅकला पाडायची परवानगी नसते. मिलरोसारख्याचा निम्मा खेळ तिथे झाकलेला राहतो. शिबिरातली ‘अमुक खेळाडू जबरदस्त दिसतोय’ ही बातमी सोडून द्या. कोण लाइनच्या पहिल्या पाचात उभा राहिला, कोण सराव न करता बाजूला उभा होता आणि कोणाची जागा बदलली, या तीन बातम्या तेवढ्या ठेवा.

पहिल्या तीन सामन्यांत काय मोजायचं?

वही घ्या, धावसंख्या बाजूला ठेवा. प्रत्येक चालीसमोर यश की अपयश एवढंच लिहा. पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे मिळाले तर यश. दुसऱ्याला ७० टक्के. तिसऱ्या आणि चौथ्याला पूर्ण. दहापैकी पाच यशस्वी ठरल्या तर आक्रमण निरोगी आहे. चारवर आलं तर, गुणफलक काही म्हणो, काहीतरी अडलं आहे.

सोबत स्नॅपपासून चेंडू सुटेपर्यंतचा वेळ फोनवर मोजा. लांब फेकी वगळून तो अडीच सेकंदांच्या आसपास हवा. तीनपेक्षा जास्त वारंवार आला, तर गेल्या वर्षीचंच चित्र आहे. सॅक झाला तर वरच्या चारपैकी कारण लिहा. वीस यार्डांपुढचे पास वेगळे मोजा, कारण दोन लांब फेकी लागल्या की सरासरी फुगते आणि बाकीच्या चाळीस चालींची दुखणी लपतात. सामन्याचा निकाल ठरल्यानंतरचं काही धरू नका. वेस्टर्न केंटकीविरुद्ध ही वही बहुधा मध्यंतरानंतर बंद करावी लागेल.

१४ सप्टेंबरचा विस्कॉन्सिनचा सामना बाहेरचा आहे. मूक मोजणी, नवा उजवा टॅकल, नवा सेंटर, सगळं पहिल्यांदा एकत्र तपासलं जाईल.

खरी परीक्षा कधी?

२८ सप्टेंबर, जॉर्जिया, घरच्या मैदानावर. त्याआधीचा आठवडा मोकळा आहे, म्हणजे तयारीला दोन आठवडे. जॉर्जिया स्नॅपच्या आधी एक राखण दाखवते आणि स्नॅपनंतर दुसरी खेळते, त्यामुळे हालचालीने मिळालेलं उत्तर फसवं निघू शकतं. तिथे मिलरोच्या पायांवरच भिस्त राहील. पुढे टेनेसी, एलएसयू आणि ओक्लाहोमा, तिन्ही बाहेर.

एपीच्या (असोसिएटेड प्रेसच्या) क्रमवारीत पाचवा क्रमांक योग्य आहे का?

खेळाडू पाहता योग्य. या वर्षी प्लेऑफ (राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी) १२ संघांचा आहे, त्यामुळे नव्या आक्रमणाला एखादा पराभव पचवून सावरायला जागा आहे. चार संघांच्या जुन्या प्लेऑफमध्ये ती नव्हती.

भारतातून सामने किती वाजता?

वेस्टर्न केंटकी आणि साउथ फ्लोरिडा हे दोन्ही सामने टस्कलूसाच्या संध्याकाळी ६ वाजता, म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे साडेचारला (१ आणि ८ सप्टेंबर). विस्कॉन्सिनचा तिथल्या सकाळी ११ ला, आपल्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला. ज्यांना एकच पाहायचा आहे त्यांनी हाच निवडावा. ३ नोव्हेंबरला अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर आपल्याकडची वेळ तासाने पुढे धरा.

मिलरो जखमी झाला तर?

टाय सिम्प्सन. गेल्या वर्षी टेक्सासविरुद्धच्या पराभवानंतर मिलरोला बसवलं होतं, तेव्हा साउथ फ्लोरिडाविरुद्ध तो खेळला होता. पॉकेटमधून वेळेवर चेंडू सोडणं त्याला तुलनेने सोपं जातं, त्यामुळे चालींची यादी मूळ वॉशिंग्टनच्या यादीजवळ जाईल आणि क्वार्टरबॅकच्या धावा जवळपास गळतील. ऑस्टिन मॅक वॉशिंग्टनहून पद्धत शिकून आला आहे, पण सामन्यांचा अनुभव नाही. सिम्प्सन आला तर सगळ्यात आधी फरक गोल रेषेजवळ दिसेल. गेल्या वर्षी मिलरोने पायाने केलेले १२ टचडाउन तिथे दुसऱ्या कोणाकडून तरी काढावे लागतील, आणि तो बहुधा जॅम मिलर असेल.